चल की, काय होत नाही

कोल्हापुरात तळे गोठत नाही. पौष-माघातल्या पहाटे रंकाळ्यावर धुके उतरते, शालिनी पॅलेसचा मनोरा दिसेनासा होतो, फिरायला आलेली माणसे कानटोप्या खाली ओढतात. पण पाणी पाणीच राहते. त्यामुळे गोठलेल्या तळ्यावर मित्राचा हात धरून घसरत जाण्याचा खेळ आपल्या मुलांच्या वाट्याला येत नाही. काश्मीरमधल्या मुलांना तो ठाऊक आहे. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचे तापमान उणे ८.४ अंशांपर्यंत उतरले, दल सरोवराचा वरचा थर गोठला आणि पोरे त्यावर उतरून क्रिकेट खेळू लागली. प्रशासनाने बर्फावर जाऊ नका म्हणून बजावले, बचावपथके तैनात केली. तरी पोरे उतरतच होती.

या खेळात पहिले पाऊल कुणी तरी एक जण टाकतो. चार पावले जातो, टाच आपटून पाहतो आणि मागे वळून काठावरच्या मित्राला हाक मारतो, 'ये, काही होत नाही.' थंड मुलुखातला ढोबळ नियम असा की स्वच्छ, घट्ट बर्फ चार इंच जाड असेल तर तो चालत्या माणसाला पेलतो. पण एकाच तळ्यात ही जाडी सगळीकडे सारखी नसते. काठाशी वेगळी, झऱ्याच्या तोंडाशी वेगळी, वाहत्या पाण्यावर आणखी वेगळी. काठावरचा मुलगा यातले काही मोजत नाही. तो मित्राच्या शब्दावर येतो. त्याच्या पायाखाली बर्फ असतो, पण त्याचा भरवसा असतो तो मित्राच्या त्या एका वाक्यावर.

हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. बर्फ नसला तरी पाणी आपल्याकडे भरपूर आहे. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत पंचगंगा आहे, रंकाळा आहे, कळंबा आहे, गावोगावच्या विहिरी आहेत, ऊस पट्ट्यातली शेततळी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पंचगंगेच्या घाटावर पोरांची झुंबड उडते. कुणी सूर मारतो, कुणी मुटका मारतो. पाठीला डबा नाही तर भोपळा बांधलेली, ट्यूबमध्ये अडकवलेली लहानगी काठाकाठाने हातपाय मारत असतात. त्यात एखादा नवखा पायरीवर उभा असतो. त्याचा सोबती पाण्यातून ओरडतो, 'चल की रं, काय होत न्हाई.' मोहल्ल्यातला असेल तर तो म्हणेल, 'आ रे, कुच नै होता.' दोन्ही बोलींत अर्थ एकच. मी इथे आहे, तू ये.

या वाक्याचे नैतिक वजन किती, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. ते सहज निघून गेलेले शब्द मानायचे की दिलेले वचन? आणि ते खोटे ठरले तर जबाब कुणी द्यायचा?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हा प्रश्न उपस्थित करण्यामागे खेळ बंद करावा असा हेतू नाही. मुलांना पाण्यापासून लांब ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे आणि म्हणूनच तो पालकांना आवडतो. हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने एक उपदेश परंपरेने सांगितला जातो, मुलांना पोहणे, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, असा त्याचा आशय आहे. इमाम गझाली हे बाराव्या शतकाच्या आरंभी वारले. 'इह्या'मध्ये मुलांच्या संगोपनाविषयी लिहिताना त्यांनी मक्तबातून सुटलेल्या मुलाला खेळू द्यावे, असे आग्रहाने सांगितले आहे. खेळ तोडून त्याला सदैव पाठाला जुंपले तर त्याचे मन मरून जाते, बुद्धी बोथट होते, असे त्यांचे निरीक्षण. नऊशे वर्षांपूर्वीच्या या आलिमाला जे कळले ते आज शिकवण्यांच्या रांगा लावणाऱ्या आपल्याला उमजत नाही.

आणि आपल्या मुलींचे काय? मोहल्ल्यातल्या किती मुलींना पोहता येते? त्यांना काठावर ठेवणे यालाच आपण काळजी म्हणतो. पण पुराच्या पाण्याला मुलगा-मुलगी हा भेद ठाऊक नसतो. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली, गल्ल्यांतून नावा फिरल्या. तेव्हा जिला पाण्याची कधी ओळखच करून दिली नाही, ती सर्वांत असहाय होती. धोक्यापासून कायम दूर ठेवलेले माणूस सुरक्षित नसते. त्याची असुरक्षितता फक्त पुढे ढकललेली असते. तेव्हा खेळ हवा, पाणी हवे, हाक मारणारा मित्रही हवा. प्रश्न त्या हाकेच्या खरेपणाचा आहे.

रंकाळ्याचे आणि पंचगंगेचे एक दुखणे कोल्हापूरकरांना चांगले माहीत आहे, ते म्हणजे केंदाळ. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. सांडपाणी मिसळलेल्या, संथ पाण्यावर ती झपाट्याने वाढते आणि बघता बघता पाणी दिसेनासे होते. लांबून पाहावे तर हिरवेगार कुरण. एखाद्या परगावच्या लहान मुलाला वाटावे की यावरून पलीकडे चालत जाता येईल. पण त्या हिरवळीला तळ नसतो. तिची मुळे नुसती पाण्यात लोंबत असतात. पाऊल ठेवले की माणूस आत जातो आणि वर येताना त्याच मुळांत गुरफटतो.

गोठलेले तळे आणि केंदाळाने झाकलेले तळे यांत मोठा फरक आहे. बर्फ दिसायला ठिसूळ, पण पुरेशी थंडी दीर्घकाळ टिकली तर तो खालच्या बाजूने इंचाइंचाने जाड होत जातो आणि खरोखरच वजन पेलतो. केंदाळ दिसायला भक्कम, पण ते कितीही पसरले तरी कुणालाच पेलत नाही. 'काही होत नाही' हे वाक्यही असेच दोन प्रकारचे असते. एक, बोलणाऱ्याने स्वतः तळ चाचपून पाहिलेला असतो आणि मग तो बोलतो. दुसरे, वरची हिरवळ पाहून बोललेले. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच ऐकू येतात. म्हणून जबाबदारी बोलणाऱ्याची अधिक.

यावर आपल्या समाजातून एक उत्तर ठरल्यासारखे येते. 'भाई, तकदीर में लिखा था.' मयताच्या घरी बसलेल्या आईला धीर देण्यासाठी हे वाक्य उच्चारले जाते तेव्हा ते रास्तच आहे. शोकाच्या वेळी ईश्वरेच्छेचा आधार माणसाला कोसळू देत नाही. बुडून मेलेल्याला हदीसने शहीदांत गणले आहे, यातही तीच करुणा आहे. पण तेच वाक्य चौकशी थांबवण्यासाठी वापरले जाते तेव्हा ते दीनच्या विरोधात जाते, असे माझे मत आहे.

इतिहासातला एक प्रसंग या संदर्भात फार बोलका आहे. हिजरी १८ मध्ये हजरत उमर सीरियाकडे निघाले असता तिथे प्लेग पसरल्याची खबर त्यांना वाटेत मिळाली. सल्लामसलत करून त्यांनी माघारी फिरण्याचा निर्णय घेतला. तेव्हा अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, आपण अल्लाहने ठरवलेल्या तकदीरीपासून पळ काढता आहात काय? हजरत उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता की होय, एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे. त्यांनी उदाहरण दिले ते उंट चारणाऱ्याचे. खोऱ्याची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड. तुम्ही उंट कुठेही चारलात तरी ते ईश्वरी योजनेतच आहे. मग हिरवी बाजू का निवडू नये? तकदीर मानणारा माणूस निवड करण्यातून सुटत नाही, इतका स्पष्ट निवाडा खलिफांनी दिला आहे. उंट आधी बांध आणि मग भरवसा ठेव, ही पैगंबरांची (स.) शिकवण तर आपल्याकडे लहान पोरेही सांगतात. पाण्याच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे तळ पाहणे, दोर जवळ ठेवणे, पोहता न येणाऱ्याला कुठवर यायचे ते सांगणे.

जीव वाचवण्याला इस्लाममध्ये किती वरचे स्थान आहे ते हनफी फिकहच्या एका नियमावरून कळते. नमाज चालू असताना कुणी बुडत असल्याची हाक आली आणि आपण त्याला वाचवू शकत असू, तर नमाज तोडणे वाजिब आहे. जी नमाज बोलण्याने, हसण्यानेही तुटू नये म्हणून आपण इतके जपतो, ती बुडणाऱ्यासाठी मुद्दाम तोडायची. एका माणसाचा जीव वाचवणे म्हणजे अवघी मानवजात वाचवणे, असा आशय सूरह माइदाच्या बत्तिसाव्या आयतीत आहे. तिथे शब्द 'जीव' असा सर्वसाधारण आहे. त्या जिवाचे नाव, गाव, मोहल्ला विचारलेला नाही.

आता पाण्याकाठच्या त्या दोन मुलांकडे परत येऊ. समजा, घडू नये ते घडले. एक खोल पाण्यात गेला, दुसरा काठावर राहिला. वर्तमानपत्रांतून अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि त्यांतल्या काहींत एक तपशील असतो तो वाचून अंगावर काटा येतो. सोबतचे मित्र घाबरून घरी निघून गेले, संध्याकाळपर्यंत त्यांनी कुणालाच काही सांगितले नाही. काठावरचे कपडे आणि चपला पाहून लोकांना शंका आली.

ही पोरे दुष्ट असतात काय? मुळीच नाही. ती भ्यालेली असतात. पाण्यावर जायचे नाही असे घरी बजावलेले असते, म्हणून ती चोरून गेलेली असतात. आता खरे सांगितले तर मार बसेल, ही भीती त्या क्षणी मित्राच्या जिवापेक्षा मोठी होते. ती भीती त्यांच्या मनात कुणी घातली? आपणच. चूक सांगणाऱ्याला आपण शिक्षा करतो आणि लपवणाऱ्याला ती सहसा सापडतच नाही. अशा घरात वाढलेले मूल संकटाच्या वेळी ओरडत नाही, पळते. तेव्हा त्या पळण्याच्या हिशेबात आपलाही वाटा लिहून घ्यावा लागेल.

या भीतीला आज आणखी एक पदर आहे आणि तो न बोलता सोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. बुडणारा एका धर्माचा आणि काठावरचा दुसऱ्या धर्माचा असेल तर? त्या काठावरच्या पोराच्या मनात काय चालेल? 'मी सांगितले तर लोक म्हणतील, यानेच ढकलला.' घाटावर ओरडण्याआधी एखाद्या मुलाला आपले नाव आठवावे लागत असेल, तर त्या गावाच्या मैत्रीला तडा गेलेला आहे. बुडण्यापासून वाचवायला मिनिटे हाताशी असतात. ती या विचारात गेली तर दोन मुले हातची जातात, एक पाण्यात आणि एक काठावर.

इथे 'काही होत नाही' हे वाक्य मुलांच्या खेळातून उठून आपल्या शहराच्या तोंडी येते. कोल्हापूरविषयी आपण सगळेच वर्षानुवर्षे ते बोलत आलो. बाहेर दंगली होतात, इथे काही होत नाही. ही शाहूंची नगरी आहे. या बोलण्याला आधार नव्हता असे नाही. १९०६ मध्ये राजर्षींच्या पुढाकाराने इथे मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. मोहरमच्या पंज्यांना हिंदू खांदे लागतात. कुस्तीच्या आखाड्यात कुणी कुणाचा धर्म विचारून डाव टाकत नाही. ६ मे २०२२ रोजी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला हे शहर सकाळी दहा वाजता १०० सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले होते.

त्यानंतर तेरा महिन्यांनी, ७ जून २०२३ रोजी, मोबाइलवरच्या काही स्टेटसचे निमित्त होऊन शहरात बंद पुकारला गेला. शिवाजी चौकात जमाव जमला आणि मुसलमानांच्या घरांवर, दुकानांवर दगड पडले. लाठीमार झाला, अश्रुधूर सोडावा लागला, इंटरनेट बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी, १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात मुस्लिम वस्तीतली घरे आणि मशीद फोडण्यात आली. इथे काही होत नाही म्हणणारे आपण सारे तेव्हा कुठे उभे होतो?

मग शाहूंचा वारसा खोटा होता काय? मला तसे वाटत नाही. तो खराच होता आणि आहे. पण त्याची जाडी आपण बरीच वर्षे मोजली नव्हती. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर रोज मोजली जाते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. माणसामाणसांतल्या पाण्याला मात्र आपण अशी पट्टी लावली नाही. मुलांच्या वाढदिवसाला शेजारच्या गल्लीतली मुले येतात का, भाड्याने घर मागताना आडनाव विचारले जाते का, शाळेच्या डब्यातला घास कुणाकुणात वाटला जातो, या पट्टीवरच्या खुणा होत्या. त्या पाहायच्या सोडून आपण उत्सवातल्या फोटोंवर समाधान मानले. बर्फ कुठे होता आणि नुसते केंदाळ कुठे, हे आपल्याला दगड पडल्यावर कळले.

आणि हा हिशेब एकाच बाजूने मांडून चालणार नाही. चिथावणारे स्टेटस ठेवणारा पोरगा आपल्या घरातला असेल, तर 'पोरसवदा आहे, काय होत नाही' म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणारा बापही त्याच वाक्याचा धनी आहे. पोराच्या चुकीमुळे निरपराधांच्या घरांवर दगड टाकणे कधीही समर्थनीय ठरत नाही. तो गुन्हाच आहे. पण त्या गुन्ह्याचा निषेध करताना आपल्या घरातल्या पोराशी बोलण्याचे काम उरतेच.

बुखारी शरीफमध्ये नावेचा एक दृष्टान्त आहे. प्रवाशांनी चिठ्ठ्या टाकून जागा वाटून घेतल्या. काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर यावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आपल्या वाट्याच्या भागात भोक पाडायचे ठरवले. वरच्यांनी त्यांना करू दिले तर सगळेच बुडतील, हात धरला तर सगळेच तरतील. आपल्याकडे हा दृष्टान्त बहुधा बिघडलेल्यांना आवरा एवढ्याच अर्थाने सांगितला जातो. पण भोक पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हेही त्यात आहे. त्यांची तहान खरी होती आणि वरच्या मजल्यावर ती कुणी विचारली नव्हती. नाव एकच आहे हे दोघांनाही वेळेवर कळायला हवे. या देशात बहुसंख्य कुठे वर आहेत, अल्पसंख्य कुठे वर आहेत, हे गावागणिक बदलेल. एकमेकांची तहान विचारण्याचे कर्तव्य बदलत नाही.

थंड देशांत बर्फ फुटून माणूस आत गेला तर वाचवणाऱ्याला एक गोष्ट शिकवलेली असते. उभ्याने धावत जाऊ नका, तुमच्याही वजनाने बर्फ फुटेल. पोटावर आडवे व्हा, म्हणजे वजन पसरते, आणि हात नको, काठी किंवा दोर पुढे करा. आपल्या घाटावरचे जुने पोहणारेही हेच सांगतात. बुडणारा मिठी मारतो, त्याला टॉवेल दे, फांदी दे, पण गळ्यात पडू देऊ नको. मित्रासाठी जीव टाकणे हे गाण्यात शोभते. प्रत्यक्षात त्याच्यासाठी थोडे खाली व्हावे लागते, अंग जमिनीला टेकवावे लागते आणि काठ सोडून पळायचे नसते. दंगलीच्या दिवशी शेजाऱ्याला घरात घेणारा, त्याच्या दुकानाच्या शटरपुढे मुकाट्याने उभा राहणारा माणूस हेच करत असतो. असे लोक कोल्हापुरात होते, आहेत. त्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत.

तेव्हा 'चल की, काय होत नाही' हे वाक्य मुलांच्या तोंडून काढून घेऊ नये. ते गेले तर मैत्रीच जाईल. पण त्याच्या पुढची वाक्ये त्यांना शिकवावीत. इथवर कमरेइतके आहे, त्या दगडापलीकडे खोल आहे. मी आधी जाऊन आलो आहे. तुला पोहता येत नाही तर तू या पायरीच्या पुढे येऊ नको. काही झालेच तर मी ओरडेन, मार बसला तरी ओरडेन, आणि तुला सोडून घरी जाणार नाही. एवढे बोलून जो मित्राला पाण्यात बोलावतो, त्याने वचन दिलेले आहे. कोल्हापूरच्या नावाने कुणाला भरवसा देताना आपणही आधी तळ पाहून यावे, आणि मग हाक मारावी.